जुनी फटफटी आणि पाच पावले



आज सायंकाळी आम्ही साताऱ्याहून येथे पोहोचलो, तेव्हा मंडपाच्या दारातच एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "कशावरून आलात?" प्रश्न साधा होता. वक्ता वेळेवर आला, आता त्याला चहा द्यावा, एवढाच त्यामागचा हेतू. पण आम्ही क्षणभर अडखळलो. त्याला वाटले, गृहस्थ प्रवासाने दमले आहेत. खरी गोष्ट अशी की, याच एका प्रश्नाने आमची गेली दोन वर्षे खाल्ली आहेत. आणि चालकांनी जेव्हा विषय कळवा म्हणून लिहिले, तेव्हा मनात दुसरे काही नसल्यामुळे आम्ही हाच विषय कळवून मोकळे झालो.

या व्यासपीठावर वेदान्त झाला, राज्यघटना झाली, पानिपत तर अनेकदा झाले असेल. त्याच खुर्चीसमोर उभे राहून 'जुनी मोटारसायकल काढावी की ठेवावी' याचा खल करणे हे कोणाला पोरकट वाटेल. आमचे म्हणणे एवढेच की, पानिपताचा निर्णय आता आपल्या हातांत नाही. हा निर्णय मात्र या सभेतल्या पुष्कळांच्या दारात उभा आहे, आणि बहुधा त्याच्या खाली तेलाचा एक डागही पडला आहे.

आमची गाडी १९९१ सालची. तिची कंपनी कोणती हे सांगणार नाही. कारण समोर बुलेटवाले बसलेले दिसतात आणि येझदीवालेही बसलेले दिसतात, आणि या दोन पंथांत सलोखा करण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही. जुन्या धाटणीची, पायाने किक मारून सुरू करायची, दोन्ही चाकांना ड्रमब्रेक असलेली, एवढे वर्णन पुरे. तिच्यावरून आम्ही कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठले, आंबेनळी उतरून पोलादपूर गाठले, पसरणीचा घाट तर किती वेळा चढलो याची मोजदाद नाही. लग्नानंतरचा पहिला प्रवास तिच्यावरून झाला. मुलगी तीन वर्षांची असताना टाकीवर बसून बामणोलीला आली. हे करू नये हे आज कळते. तेव्हा सगळेच करीत.

अशी गाडी म्हातारी झाली की माणूस काय करतो? तो हिशेब मांडायला बसतो. आम्हीही मांडला. पेट्रोल आणि दुरुस्ती यांची वही आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीला जे गेले ते नव्या गाडीच्या किमतीच्या सातव्या भागाइतकेही नव्हते. नवी गाडी दुकानाच्या पायरीवरून खाली उतरली की त्याच क्षणी तिची किंमत घसरते; आमच्या गाडीची किंमत घसरायची तेवढी कधीच घसरून झाली आहे. म्हणजे वहीचे उत्तर सरळ होते : ठेवा. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तेव्हा पुतण्याने तोच हिशेब पुन्हा मांडून दाखविला. तरीही उत्तर बदलले नाही. पैशाच्या दृष्टीने जुने वाहन ठेवणे जवळजवळ नेहमीच परवडते, हे कटू सत्य विक्रेते सांगत नाहीत. पण मंडळी, प्रश्न वहीने सुटला असता तर आम्ही येथे उभे राहिलोच नसतो.

मग दुसरा मार्ग, वयाचा. आपल्याकडे वय पाहण्याची विद्या जुनी आहे. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेतला जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल : खोंडाचा जबडा उघडून दात पाहतात. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि शेवटी जुळलेला. मग व्यापारी आणि शेतकरी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात. सरकारनेही मोटारींचे दात मोजण्याची रीत घालून दिली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याबरोबर पर्यावरण कर. आमच्या गाडीचे पाचवे नूतनीकरण आता दाराशी आले आहे. साताऱ्याच्या एमएच-११ मधली ही आजीबाई, आणि नव्या नियमाप्रमाणे उच्च सुरक्षेची चकचकीत क्रमांकपट्टी तिच्या कपाळाला लागलेली. नऊवारीवर मनगटी घड्याळ बांधावे तशी ती दिसते.

पण दातांवरून बैलाचे वय कळते, बैलाची चाल कळत नाही. तोच प्रकार यंत्राचा. यंत्राला एक वय नसतेच. टायरचे वय निराळे, तारांचे निराळे, इंजिनाचे निराळे, सांगाड्याचे निराळे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. '२३१७' असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हे आकडे आज घरी गेल्यावर अवश्य पाहा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होऊन पकड सोडते, आणि कित्येक जण जन्मभर हे आकडे न वाचता गाडी हाकतात. आम्हीही त्यांतलेच होतो.

आपल्या भागाला तर झिजणारे भाग आणि न झिजणारे भाग यांतला फरक कोणी शिकवायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या माळावर कारखाना काढून लोखंडी नांगर ओतले. ते किर्लोस्करवाडी आज याच सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने प्रथम कोणी ते नांगर घेईना, ही कथा सर्वांना पाठ आहे. आपण ती जुन्याला चिकटून राहणाऱ्यांची थट्टा म्हणून सांगतो. पण तोच शेतकरी पुढे तो नांगर पिढ्यान्‌पिढ्या वापरू लागला. फाळ झिजला की फाळ बदलला, नांगर टाकला नाही. नव्याला बिचकणारा आणि जुने जपणारा, दोघे एकाच घरात राहतात. पुष्कळदा ते एकच गृहस्थ असतात.

जपण्याच्या या वृत्तीला आणखी एक कारण आहे, आणि ते फारसे उदात्त नाही. आमच्या पिढीने टंचाई पाहिली. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया निघाली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या रस्त्यावर आल्या, १९७३ पासून त्याच येझदी झाल्या. पुढे १९७५ साली बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली, आणि आमच्या साताऱ्यातच प्रिया स्कूटर तयार होऊ लागली. ज्या गावात स्कूटर तयार होते त्या गावात ती सहज मिळत असेल, असे आपणांस वाटेल. तसे काही नव्हते. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. वधूपिता आणि स्कूटरचा अर्जदार यांच्या चेहऱ्यांवर एकच भाव असे. अशा काळात 'गाडी बदलावी का' हा प्रश्नच उद्भवत नसे. मिळाली ती आयुष्यभराची. आता प्रिया नाही, ती कंपनी केवळ गुंतवणुकीची उरली आहे. १९९६ साली म्हैसूरचा कारखानाही बंद पडला. बुलेटचे मूळ घराणे तर इंग्लंडात १९७० च्या सुमारासच संपले होते. जावा आणि येझदी ही नावे २०१८ आणि २०२२ साली नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली, म्हणजे आता तुटवडा कशाचाच नाही. पण टंचाईत लागलेली सवय सुबत्तेत सुटत नाही. आमच्या घरात अजून रिकामी डालड्याची डबी आहे.

एवढे सगळे ठेवण्याच्या बाजूने. आता ज्या संध्याकाळमुळे हे व्याख्यान घडले, ती संध्याकाळ सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात. येथे सांगलीत एका नातलगाकडे साखरपुडा होता, म्हणून आम्ही उभयता साताऱ्याहून निघालो. उमरगाठीच्या या दोन जिल्ह्यांतला हा प्रवास काही परदेशगमन नव्हे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्याआधी हा सगळा एकाच घरातल्या दोन खोल्यांमधला व्यवहार. नागठाणे, उंब्रज, कऱ्हाड, पुढे पेठ नाक्यावरून आत वळायचे, आष्टा, आणि सांगली. सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. हा रस्ता आम्ही तिच्यावरून शंभरदा केला असेल.

कऱ्हाडला चहाला थांबलो आणि उशीर झाला. आष्ट्याच्या अलीकडे अंधारून आले. ऊस जाळल्याचा धूर रस्त्यावर उतरला होता. आमचा वेग साठाच्या आसपास असेल. समोरून एका ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले, म्हणून आम्ही हात सैल सोडला. आता जुन्या गाड्यांची एक खोड येथील मिस्त्री लोकांना ठाऊक आहे : त्यांचा दिवा इंजिनाच्या फिरण्यावर जळतो. इंजिन मंदावले की दिवा मंदावतो. म्हणजे जेव्हा भीती वाटून आपण वेग कमी करतो, नेमका तेव्हाच उजेड कमी होतो. ट्रक निघून गेला, आणि त्या मिणमिणत्या पिवळ्या उजेडात समोर उसाची ट्रॉली उभी होती. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, बहुधा चाक पंक्चर झालेले. मागे दिवा नाही, परावर्तक नाही, खाली एक दगड लावलेला, आणि मोळ्यांची टोके रस्त्यावर झेपावलेली.

आम्ही दोन्ही ब्रेक दाबले. गाडी थांबली. पण ती जेथे थांबायला हवी होती तेथे थांबली नाही. उसाचे पाचट आमच्या चष्म्याला लागले तेव्हा ती थांबली.

कोणाला काही झाले नाही. ट्रॅक्टरवाला पुढून धावत आला, घाबरून आम्हांलाच रागावला, मग पाणी दिले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. साखरपुड्यातही त्या नेहमीसारख्या बोलल्या, हसल्या. परतीच्या वेळी मात्र म्हणाल्या, "मी एसटीने येते." तीस वर्षांत असे पहिल्यांदाच झाले.

त्या रात्री आमचा निर्णय झाला होता : गाडी काढायची. सकाळी तो डळमळला. माणसाचे हे असेच असते. मग आम्ही आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांचा हात या गाडीवर वीस वर्षांचा. त्यांनी ब्रेकचे ड्रम उघडले, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "साहेब, लायनर कधी बदललंय?" आम्ही वही काढली. सात वर्षे झाली होती. मागचा ड्रम लंबगोल झाला होता, केबल ताणून ताणून तारेवर आली होती, पुढचा टायर आकड्यांप्रमाणे अकरा वर्षांचा निघाला. मिस्त्री म्हणाले, "ह्यात गाडीचा काय दोष न्हाई. गाडी अजून धा वर्सं चालंल. तुमचं तुमी बघा."

हे शब्द आम्हांला फार लागले, आणि त्यांतूनच पुढची बुद्धी झाली. आम्ही जी जुनी गाडी नव्या गाडीशी ताडून पाहत होतो ती मुळी जुनी गाडी नव्हतीच. ती आमच्या आळसाखाली दडपलेली गाडी होती. कोर्टात आरोपीला निदान अंघोळ घालून उभे करतात. म्हणून ठरविले की, आधी तिला तिच्या चांगल्यात चांगल्या अवस्थेत आणायचे आणि मगच न्याय करायचा. तत्पूर्वी मात्र, ती आहे तशी एकदा मोजून ठेवायची.

गावाबाहेर एक मोकळा, सपाट, डांबरी तुकडा आहे. रविवारी सकाळी तेथे आम्ही खडूने रेघ मारली. पुतण्याची दोन वर्षांची नवी गाडी आणली. तिला डिस्कब्रेक आणि चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आहे. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाक्यांना एप्रिल २०१९ पासून ती सक्तीचीच झाली आहे. दोन्ही गाड्या आम्हीच चालविल्या, म्हणजे स्वार एक, हात एक, वय एक. साठाच्या वेगाने यायचे, रेघेवर ब्रेक दाबायचे, आणि कोठे थांबलो ते पावलांनी मोजायचे. पुतण्या मोजीत होता. पुतण्याची गाडी सत्तावीस पावलांत थांबली. आमची अडतीस. अकरा पावले जास्त. तीन-तीनदा केले, एखाददुसऱ्या पावलाचा फरक.

मग मिस्त्रींनी काम केले. नवे लायनर, ड्रम लेथवर घासून गोल केलेला, नवी केबल, दोन्ही टायर नवे. पुन्हा रविवार, पुन्हा खडू. आता आमची गाडी बत्तीस पावलांत थांबली.

म्हणजे अकरांतली सहा पावले आमची होती, आमच्या हयगयीची. ती पैशाने आणि लक्ष देण्याने परत मिळाली. राहिली ती पाच. ही पाच पावले गाडीची. तिची म्हणण्यापेक्षा ती ज्या काळात घडली त्या काळाची. मिस्त्री कितीही हुशार असो, ही पाच पावले त्याला काढता येत नाहीत. ड्रमची उष्णता, चाक अडकण्याची भीती, सांगाड्याची घडण, हे सगळे त्यांत आहे. बंधुभगिनींनो, जुनी गाडी बदलावी की नाही, याचा विचार करणाऱ्याने प्रथम आपली सहा पावले आणि गाडीची पाच पावले वेगळी करावीत असे आम्हांला वाटते. पुष्कळ जुन्या गाड्या मालकाच्या सहा पावलांपायी भंगारात जातात. आणि पुष्कळ मालक त्या पाच पावलांकडे डोळेझाक करून, 'माझी गाडी अजून ठणठणीत आहे' असे पारावर सांगत बसतात.

आता त्या पाच पावलांचे काय करायचे? येथे थोडे शाळेतले पदार्थविज्ञान. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. उलटही खरे. साठाच्या वेगाला जी पाच पावले आहेत ती तिसाच्या वेगाला जेमतेम सव्वा पाऊल होतात. शिवाय ब्रेक दाबण्याआधीचा विचाराचा क्षण निराळाच. ऐंशीच्या वेगाने जाणारा माणूस एका सेकंदात बावीस मीटर पुढे गेलेला असतो, आणि आमच्या वयाला तो सेकंद सेकंदाचा राहत नाही. यवतेश्वरच्या घाटातून कासला जाताना वेग तिसाच्या वर क्वचित जातो. तेथे आमची गाडी आणि पुतण्याची गाडी यांच्यात एका पावलाचे अंतर. पण पुणे-बंगळूर महामार्ग हे निराळे प्रकरण आहे. आम्ही तरुण होतो तेव्हा तो दुपदरी होता, दुतर्फा वड होते, आणि मागून येणारा हॉर्न वाजवून वाट मागत असे. सुवर्ण चतुष्कोनात तो चौपदरी झाला, आता सहा पदरांचे काम काढले आहे. त्यावर आमची गाडी साठाने चालली तर ती इतरांना अडथळा, आणि ऐंशीने चालली तर ती पाच पावले नऊ होतात. रस्ता तरुण झाला, आम्ही दोघे म्हातारे झालो. गाडी बिघडली नाही. तिच्याभोवतीचे जग वेगाने जाऊ लागले.

मिरजेला आम्ही एकदा तंतुवाद्यांच्या कारागिरांकडे गेलो होतो. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना पाणी देणारे. हत्यारांचा काळ गेल्यावर त्यांच्या हातांत सतार-तंबोरे आले. तेथे कोणाच्या तरी आजोबांचा तंबोरा दुरुस्तीला आला होता. भोपळा जुना, घोडी नवी. 'नवा घ्या' असे कोणी त्यांना म्हणत नव्हते, उलट जुन्या लाकडाची गोडी वर्णन करीत होते. आम्हांला वाटले, आपल्या गाडीलाही असेच म्हणावे. पुढे लक्षात आले की, तंबोऱ्याला आष्ट्याच्या अलीकडे अचानक थांबावे लागत नाही.

जुन्याची बाजू मांडताना एक गोष्ट मात्र येथे, सांगलीत, सांगायलाच हवी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाला भिडून गावात शिरले तेव्हा येथील किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे तुम्ही पाहिले आहे. २०२१ ला पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर येथल्या गॅरेजांपुढे लागलेल्या रांगा आम्ही पाहिल्या. साधी जुनी गाडी उघडून, धुऊन, तेल बदलून, पॉइंट आणि प्लग पुसून पुन्हा आवाज करू लागे. नव्या गाडीच्या इलेक्ट्रॉनिक पेटीत पाणी गेले की मिस्त्री हात वर करीत आणि भाग मागवावा लागे. साधेपणा हा गुण आहे. तो थांबण्याच्या कामी येत नाही, सुरू होण्याच्या कामी येतो. दोन्ही गुण हवे असतील तर दोन गाड्या ठेवाव्या लागतात, आणि तेच आमच्याही मनात येऊ लागले होते : नवी घ्यावी, जुनीही ठेवावी. दोन्ही दरडींवर हात ठेवण्याची ही कल्पना इतकी सोपी वाटली की आम्हांला तिचा संशय आला.

संशय खरा होता. उभी गाडी सडते. आणि आता ती पूर्वीपेक्षा लवकर सडते, याला जबाबदार आपला ऊस आहे. वारणा-कृष्णेच्या काठचा जो ऊस आपल्या कारखान्यांत जातो त्याच्या मळीपासून, रसापासून इथेनॉल होते, आणि २०२५ पासून देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. शेतकऱ्याला त्याचा पैसा मिळतो, परदेशी तेल वाचते, याविषयी आमची तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. जुन्या रबराच्या नळ्या आणि वॉशर त्याने फुगतात किंवा चिरतात. आणि पावसाळाभर टाकीत पेट्रोल तसेच राहिले तर पाणी तळाशी बसून टाकी आतून गंजते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या घडणीच्या दुचाकींचे मायलेज अशा इंधनाने ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. ते सोसता येते. टाकीचा गंज सोसता येत नाही. ज्या शेतातून उसाची ट्रॉली आली आणि आमच्या गाडीला तिने रस्त्यावर अडविले, त्याच शेतातला ऊस आता तिच्या टाकीत शिरून आतून पोखरतो आहे. ऊस काही आमचा पिच्छा सोडीत नाही.

म्हणून जुनी गाडी ठेवणे म्हणजे ती चालविणे. अंगणात कापड घालून झाकलेली गाडी ही ठेवलेली गाडी नव्हे. ती न विकलेली गाडी. आपल्याकडे बेंदराला बैल रंगवितात, झूल घालतात, मिरवतात. पण दुसऱ्या दिवशी त्याला शेतात नेतात. वर्षातून एकदा खंडेनवमीला झेंडूची माळ घालायची आणि उरलेले दिवस धूळ, असे आपण यंत्राचे करतो.

हे सगळे आम्ही एके दिवशी सौभाग्यवतींना समजावून सांगत होतो. खडूची रेघ, पावले, चौपटीचा नियम, सगळे. त्या तांदूळ निवडीत होत्या. ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, पाच पावलं म्हणता, ती तुमची एकट्याचीच धरलीत का? मागं मी बसते."

आम्ही गप्प झालो. दोन वर्षे आम्ही यंत्राचे वय मोजले, रस्त्याचे वय मोजले, आपलेही थोडेसे मोजले. मागच्या बैठकीवर कोण आहे हे मोजलेच नव्हते. आमच्या खडूच्या प्रयोगात मागची जागा रिकामी होती. दुसऱ्या माणसाचे वजन मागे आले की ती बत्तीस पावले बत्तीस राहत नाहीत, हे सांगायला पदार्थविज्ञान नको. आणि वजनाचा प्रश्न तरी कशाला? आठवणी आमच्या, हौस आमची, किक मारण्याचा अभिमान आमचा. आणि या सर्वांची किंमत द्यायची वेळ आली असती तर त्या संध्याकाळी ती दोघांना द्यावी लागली असती.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही नवी गाडी नोंदविली. तिच्यात डौल नाही, आवाज नाही, आणि पायाशी शोधायला काही नाही. बटण दाबले की ती सुरू होते, याची आम्हांला अजून सवय झालेली नाही. तिचा दिवा मात्र हात सोडला तरी मंदावत नाही. आज त्या कार्यकर्त्याला जे उत्तर द्यायचे राहिले ते हे : आम्ही उभयता नव्या गाडीवरून आलो. त्या तिकडे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि एवढे बोललो ते बरोबर सांगितले की नाही, हे घरी गेल्यावर कळेल.

जुनीचे काय, हे पुष्कळांच्या चेहऱ्यांवर दिसते आहे. ती आहे. महामार्गावर जायचे नाही, अंधारात जायचे नाही, मागे कोणाला घ्यायचे नाही, या तीन अटींवर ती राहिली. चौथी अट मिस्त्रींनी घातली : दर रविवारी यवतेश्वर चढून कासपर्यंत नेऊन आणायची, आणि ज्या दिवशी सलग चार रविवार चुकतील, त्या दिवशी ती त्यांच्या धाकट्या मुलाच्या नावावर करून द्यायची. त्याला हात आहे आणि त्याचे गुडघेही शाबूत आहेत. नावावर करण्याचे एकोणतीस आणि तीस नंबरचे अर्ज मिस्त्रींनी आमच्याकडून आजच सही करून घेतले असून ते त्यांच्या गल्ल्यात आहेत, तारखेची जागा तेवढी मोकळी. अशी कोरी सही देऊ नये हे आम्हांला कळते. पण तारीख आमच्या हातांत ठेवली तर ती कधीच पडणार नाही, हे त्यांना कळते.

गेल्या आषाढात पाऊस फार झाला. तीन रविवार चुकले. चौथ्या रविवारी पहाटे धुके होते, कासच्या वाटेवर पाच हातांपलीकडचे दिसत नव्हते. आम्ही अकरा किका मारल्या. बाराव्या किकेला ती सुरू झाली.